उजवीकडची स्क्रीन

मावशीचा कॉम्प्युटर अडला की भाचीला फोन जायचा, हे घरात ठरूनच गेलं होतं. भाची एका कॉलेजातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल करायची. कोणी काहीही तक्रार सांगो, तिचा पहिला प्रश्न एकच, ‘बंद करून चालू केलंत का?’ त्यावरून लहानथोर सगळे तिला ‘बंदचालू’ म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. निम्म्या तक्रारी खरोखरच तेवढ्यावर मिटतात. उरलेल्यांसाठी डोकं शांत लागतं, आणि ते तिच्याकडे भरपूर होतं.

या खेपेला मात्र मावशी फोनवर तक्रार सांगेचना. नुसतं ये म्हणाली. दुपारीच ये, दादा यायच्या आत ये.

दादा म्हणजे मावशीचा मुलगा. तो दुसऱ्या गावात राहायचा आणि त्या संध्याकाळी आईला न्यायला येणार होता. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. घर विकायचं, सामान आवरायचं, आईने त्याच्याकडे राहायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा.

मावशीचं सगळं आयुष्य घरांचे नकाशे काढण्यात गेलं. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. नोकरी संपल्यावरही एक आर्किटेक्ट तिच्याकडे घरी काम पाठवायचा, कारण तिच्या नकाशात चूक सापडायची नाही. आता सापडायला लागली होती. एका बंगल्याच्या नकाशात उजव्या अंगाला एक जास्तीची खोली निघाली. खोली कशी, तर अगदी नीटनेटकी, भिंतींची जाडीसुद्धा बरोबर, फक्त तिला दार नाही. आर्किटेक्टने हसण्यावारी नेलं. मग दुसऱ्या घराच्या नकाशात तेच. मग एका दवाखान्याच्या. दर वेळी उजवीकडे आणि दर वेळी बिनदाराची. मावशी म्हणायची, मी काढलीच नाही. आर्किटेक्ट भला माणूस होता. तिला काही न बोलता त्याने दादाला फोन केला आणि आईंना आता विश्रांती द्या म्हणाला. दादाच्या मनात जे यायचं तेच आलं. आई विसरायला लागली, एकटी राहते, उद्या गॅस चालू ठेवून झोपेल.

दार उघडल्या उघडल्या मावशीने भाचीचा हात धरला.

“मी का मशीन, एवढंच शोधून दे,” ती म्हणाली. “मशीन असेल तर दादाला तू सांग, माझं तो ऐकणार नाही. आणि मी असेन तर आधी मला सांग.”

मावशीला असं अजिजीने बोलताना तिने कधी पाहिलं नव्हतं. शिवाय त्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स तिनेच घालून दिलं होतं. जुनं मशीन, त्यावर दुसरं काही धड चालेना, म्हणून. मावशी आधी कुरकुरली होती आणि मग त्याच्या इतकी प्रेमात पडली की आल्यागेल्याला त्याचं कौतुक सांगायची.

कामाची खोली पॅसेजच्या टोकाला होती. तिच्या दारापुढे पॅसेज संपवणारी नुसती भिंत, तिथे एक आरसा टांगलेला. खोलीत डाव्या हाताला खिडकी, आणि टेबल अगदी कोपऱ्यात, त्याची उजवी कड बाहेरच्या भिंतीला टेकवलेली. त्या भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली इमारतीतल्या लोकांच्या गाड्या. मावशीची खुर्ची एवढी जुनी की तिच्या हातांवरचा रंग कोपरं टेकून टेकून उडाला होता.

भाचीने तिला शेजारी स्टुलावर बसवलं आणि काय काय होतं ते नीट विचारलं. मावशी सांगायला लागली. प्रोग्रॅमची खिडकी उघडली की कधी कधी दिसतच नाही, कुठे जाते कोण जाणे. माउसचा बाण मधूनच गायब होतो. रात्री बंद केलेला नकाशा सकाळी उघडलेला असतो. एकदा तर तिने काढत आणलेली जिन्याची रेघ तिच्या डोळ्यांदेखत पुढे सरकली. हे शेवटचं तिने दादाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो पंधरा दिवस आधीच आला असता, ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

भाचीचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग बघायचं. दोन बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. तिने पहिल्यांदा नेटची केबल उपटून टेबलावर ठेवली. वायफाय त्या मशीनला नव्हतंच, म्हणजे बाहेरून कोणी हात घालत असेल तर तो प्रश्न मिटला. मग डिस्क भरली आहे का पाहिलं. भरली नव्हती. डिस्क खराब होत चालली आहे का पाहिलं. ठणठणीत होती. मेमरीची तपासणी लावून दोघींनी चहा घेतला, आणि मेमरीही चांगली निघाली. माउस बदलला, कीबोर्ड बदलला. आतली धूळ फुंकून काढली. नवीन खातं उघडून त्यातून शिरून पाहिलं.

दर वेळी भाची म्हणायची, हे ठीक आहे. आणि दर वेळी मावशी थोडी आणखी लहान होऊन स्टुलावर बसायची. डॉक्टरने सगळं ठीक आहे म्हणावं आणि पेशंटचा चेहरा उतरावा, असला सगळा प्रकार. भाचीला स्वतःचाच राग यायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा ती मनापासून बिघाड सापडायची वाट बघत होती.

तो सापडला तो बाणामुळे. माउस उजवीकडे ओढता ओढता बाण स्क्रीनच्या कडेला पोचला आणि थांबायच्या ऐवजी पुढे निघून गेला. तिने माउस डावीकडे ओढला. बराच ओढल्यावर बाण परत आला.

“अगं बाई!” भाची म्हणाली, आणि तिने स्क्रीनच्या सेटिंग उघडल्या.

तिथे दोन चौकोन होते. एक आणि दोन. मशीनच्या हिशेबाने त्याला दोन स्क्रीन जोडलेल्या होत्या. एक ही समोरची, आणि दुसरी हिच्या उजवीकडे, लगटून.

भाची टेबलाखाली शिरली आणि मोबाइलच्या उजेडात मशीनची पाठ पाहिली. स्क्रीन जोडायच्या दोन जागा होत्या. एकीत केबल होती, दुसरी रिकामी, तिच्या तोंडाशी धूळ बसलेली. नसलेली स्क्रीन आहे असं मशीनला वाटणं हा लिनक्सवर बऱ्यापैकी ओळखीचा घोटाळा. तिने कॉलेजात एकदोनदा निस्तरलाही होता. टेबलाखालून बाहेर येताना तिचं डोकं आपटलं तरी तिला हसू फुटत होतं.

मावशीला तिने सगळं समजावून सांगितलं. तुझ्या खिडक्या हरवत नव्हत्या. त्या शेजारच्या स्क्रीनवर उघडत होत्या, आणि शेजारी स्क्रीनच नाही. बाण तिकडेच जात होता. मशीनच येडं आहे, तू नाहीस.

पदराला हात पुसावेत तसे मावशीने कोरडे हात उगाचच पुसले. तिचे डोळे भरून आले होते. भाचीच्याही जिवात जीव आला. तिने तिथल्या तिथे दादाला फोन लावला.

दादा गाडी चालवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “खिडक्यांचं पटलं. पण ती खोली कोणी काढली?”

तासाभरात पोचतो म्हणून त्याने फोन ठेवला, आणि मावशीने तिच्याकडे पाहिलं. फोनवरचं बोलणं तिला ऐकू गेलं नव्हतं, पण प्रश्न तिला आधीपासूनच माहीत असावा.

तिकडे जे काही उघडलं असेल ते बघायला हवं होतं. ते सोपं होतं. सबंध डेस्कटॉपचा फोटो घ्यायचा, म्हणजे स्क्रीनशॉट, की मशीन दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून एकच रुंद चित्र करतं. भाचीने बटण दाबलं आणि चित्र उघडलं.

डाव्या अर्ध्यात समोर दिसत होतं तेच होतं. उजव्या अर्ध्यात नकाशाचा प्रोग्रॅम उघडा होता आणि त्यात एका घराचा नकाशा होता.

मावशी चष्मा लावून पुढे वाकली. तिला ते घर ओळखायला वेळ लागला नाही. बाहेरचं दार, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पॅसेज, ही कामाची खोली. कामाच्या खोलीच्या उजव्या भिंतीपलीकडे आणखी एक खोली. बिनदाराची. तिच्यात एक टेबल, याच भिंतीला पलीकडून टेकवलेलं, आणि टेबलापुढे खुर्ची.

“हा मी काढलेला नाही,” मावशी म्हणाली. या वेळी तिचा आवाज ठाम होता. मापाच्या रेघेच्या टोकाला ती जन्मभर छोटी तिरकी रेघ मारत आली होती. या नकाशात तिथे बाण होते. बाण काढायला तिला शिकतानाच सक्त मनाई झाली होती, आणि हाताचं वळण म्हातारपणी बदलत नाही, ती म्हणाली. तिने बोटाने एकेक माप वाचलं. आपल्याच घराची मापं तिला पाठ होती.

“मापं मात्र बरोबर आहेत,” ती हळूच म्हणाली. “माझ्या टेबलाचीसुद्धा.”

भाचीने स्वतःला बजावलं, घाईने काही ठरवायचं नाही. जुनी फाइल असेल. कोणीतरी आर्किटेक्टच्या ऑफिसमधून पाठवली असेल. तिने खात्रीसाठी पुन्हा एक स्क्रीनशॉट घेतला. फोटोचं बटण सोडून तिने माउसला की कीबोर्डला हात लावला नव्हता, नेटची केबल टेबलावर पडलेली होती.

या चित्रात नकाशा तोच होता. फक्त त्या खोलीला आता दार होतं. पॅसेजच्या टोकाच्या भिंतीत, आरसा होता तिथे. दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारी कमानीसारखी रेघ अजून पुरी झालेली नव्हती.

भाचीने तिसरा फोटो घेतला.

रेघ पुरी झाली होती.

खिडकीतून खालच्या गाड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती टुंई टुंई वाजत होती. भाची घाबरली होती आणि आपण घाबरलोय याची तिला लाज वाटत होती. मशीनला ती आजवर कधी घाबरली नव्हती. तिने सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या स्क्रीनची माहिती पाहिली. कंपनी तीच. आकार तोच. कारखान्यातून प्रत्येक स्क्रीनला एक वेगळा नंबर मिळतो, तोही दोघींचा एकच. म्हणजे मशीन एकाच स्क्रीनला दोनदा मोजतंय, ती म्हणाली. म्हणजे ही तीच आहे, ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळेना.

“बंद करता येते का ती?” मावशीने विचारलं.

“येते की. एक बटण.”

“मग बंद कर. दादा यायच्या आत.”

बरोबरच होतं. दुसरी स्क्रीन बंद झाली की खिडक्या पळणार नाहीत, खोल्या निघणार नाहीत, नकाशे पहिल्यासारखे बिनचूक होतील. आर्किटेक्ट काम देईल. दादाला दाखवायला एवढं पुरे. बाकीचं कसं झालं ते कोणाला सांगायची गरज नव्हती.

भाचीने उजवीकडचा चौकोन निवडला. एकदा खात्री केली, दुसऱ्यांदा केली. मावशीलाही बोट लावून दाखवलं, हीच ना उजवीकडची? मावशीने मान डोलावली. भाचीने ‘बंद’ निवडलं आणि ‘लागू करा’ दाबलं.

समोरची स्क्रीन काळी झाली.

भाची स्वतःशीच पुटपुटली. दोन्ही स्क्रीनचं नाव एक, नंबर एक, मशीनचा गोंधळ झाला आणि त्याने नेमकी समोरचीच बंद केली. घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि मावशीला तिने ते लगेच सांगितलं. अशा वेळी मशीन एक प्रश्न विचारतं, ही सेटिंग ठेवायची का. कोणी ‘ठेवा’ म्हटलं नाही, तर ते थोड्याच वेळात आपणहून पहिल्यासारखं करतं. चुकून आपलीच स्क्रीन घालवून बसणाऱ्यांसाठीच ती सोय आहे.

“आपण कशाला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “नुसतं बसायचं.”

दोघी नुसत्या बसल्या.

मशीनचा पंखा फिरत होता. स्क्रीनची दिवली हिरव्याची नारिंगी झाली होती. काळ्या काचेत दोघींचे चेहरे दिसत होते.

जेवढा वेळ लागायला हवा होता तेवढा होऊन गेला. मग त्याच्या दुप्पट झाला. स्क्रीन आली नाही.

आणि तेव्हा भाचीच्या लक्षात आलं की तो प्रश्न उमटणार तो चालू असलेल्या स्क्रीनवर. आणि तिकडे कोणीतरी ‘ठेवा’ म्हटलं होतं.

मशीनचं बटण तिने दाबून धरलं. पंखा फिरतच राहिला. तिने भिंतीतला प्लग ओढून काढला. पंखा फिरतच राहिला, किंवा तो आवाज पंख्याचा नव्हता.

तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

“आला,” मावशी म्हणाली, आणि केस सारखे केले.

दादाची पावलं ओळखू येत होती. त्याने बूट काढले, पिशवी ठेवली. आई, अशी हाक मारली. मावशीने ओ दिली. तो पॅसेजमधून चालत आला, कामाच्या खोलीच्या दारापाशी आला, आणि न थांबता पुढे गेला.

पुढे तर भिंत होती.

भाची धावत जाऊन दारात उभी राहिली. पॅसेज रिकामा होता. टोकाला आरसा होता. बाहेरच्या दाराशी दादाचे बूट होते, एक उभा, एक आडवा.

तिने हाक मारली. दोनदा मारली. मग त्याला फोन लावला. तिच्या कानात घंटी वाजत राहिली, घरात कुठेच वाजली नाही.

“अगं, इकडे ये,” मावशी आतून म्हणाली.

ती उजव्या भिंतीला कान लावून उभी होती. भाचीनेही लावला.

पलीकडे दादा बोलत होता. आवाज हलका होता, पण शब्द कळत होते. इथे बसलीस होय, तो म्हणत होता. मी मेलो काळजीने. त्याला कोणीतरी उत्तर दिलं, सावकाश, समजावून सांगितल्यासारखं. मग खुर्ची सरकली. दादा काहीतरी बघत असावा. मग हसला. खूप दिवसांनी हसावा तसा मोकळा हसला.

“म्हणजे मशीनच होतं तर,” तो म्हणाला. “मग काय प्रश्न आहे? राहा तू इथेच, आई. घर कशाला विकायचं?”

आणि मग कोणालातरी त्याने चिडवलं, “काय गं बंदचालू, बंद करून चालू केलंस वाटतं?”

त्यावर जे हसू आलं ते भाचीने ओळखलं. असं हसताना तिने स्वतःला कधी बाहेरून ऐकलं नव्हतं, पण ओळखलं.

तिला ओरडायचं होतं. भिंतीवर मुठी मारायच्या होत्या. तिने मावशीकडे पाहिलं. मावशी भिंतीला कान लावून मुलाचं बोलणं ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला होता.

“म्हणजे राहायला मिळालं,” ती म्हणाली.